सुपडूनानांनी भरलेली कॉइल

आधी नाव सांगतो, मग हकिकत. सुपडूनाना, राहणार पिंपळनेर. विहिरीतल्या जळालेल्या मोटरी भरून देतात, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतात. त्यांनी माझी नोकरी वाचवली असं म्हणता येणार नाही, कारण ती तेव्हा मला लागलेलीच नव्हती. लागायची होती, आणि त्या दिवशी दुपारी बारा वाजता ती हातातून गेल्यातच जमा होती. नाना भेटले म्हणून गेली नाही. पुढे जे काही लिहिलंय ते या एवढ्याच गोष्टीचं आहे.

मी मारोती. गाव राजुऱ्याच्या बाजूला, चंद्रपूर जिल्ह्यात. आठवीतून शाळा सोडली, जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आलो, तिथून जळगावातल्याच मेहरूणच्या एका गॅरेजात शिरलो तो आजतागायत तिथेच आहे. दिवाळी अंकाचे संपादक माझं गिऱ्हाईक. स्कूटरचं इंजिन उघडं पडलेलं, समोर बसून म्हणाले, "मारोतीभाऊ, तुम्ही बोलता तसं लिहून द्या." इंजिन जोडून होईपर्यंत ते उठणार नव्हते, म्हणून हो म्हणालो. चुका असतील तर सांभाळून घ्या. मी घाबरट माणूस आहे. एक नट आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, आणि ठिपका दिलाय ना, हे बघायला पुन्हा जातो. हा लेखही तसाच चार वेळा तपासलाय.

माझं काम काय ते सांगतो. ॲडव्हेंचर टुरिंगच्या मोटरसायकली असतात, त्या मी बघतो. या गाड्या उंच. पुढचं चाक मोठं, हँडल रुंद, खालून इंजिनाला पत्र्याचं कवच. खडकाळ रस्ता आला की चालवणारा पायदानांवर उभा राहतो आणि गाडीला खाली नाचू देतो. पहिल्यांदा अशी गाडी चालवली ती एका गिऱ्हाइकाची, ब्रेक तपासायच्या निमित्ताने, मेहरूण तलावाच्या कडेने. एक चक्कर पुरेशी होती, मी तीन मारल्या. परत आलो तर गिऱ्हाईक म्हणालं, "ब्रेक लागत नव्हते का?"

तेव्हापासूनचा हा नाद. पुढे अपघातात वाकलेली एक दीडशे सीसीची जुनी गाडी घेतली, वर्षभर सरळ करत बसलो. कार्बोरेटरवाली, किकवाली. आजही तीच आहे. तिच्यावर मी दर वर्षी राजुऱ्याला जातो. पूर्वी गावाकडे जायचं म्हणजे गाड्या बदलत, पिशव्या सांभाळत, दुसऱ्याच्या वेळेने जायचं. आता मी निघतो तेव्हा निघतो. वाटेत पक्का रस्ता संपला, पुलाचं काम चालू असलं, नाल्यात गुडघाभर पाणी असलं तरी ही गाडी कुरकुरत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला रस्ता अडणार नाही याची खात्री किती मोठी वाटते, हे गावातच राहणाऱ्याला कळायचं नाही. माझ्या आईला अजून वाटतं मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. सांगून पाहिलं, पण फिरायला म्हणून कुणी एवढी मोठी गाडी घेतं यावर तिचा विश्वास नाही.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. एक वकील आहेत, गाडी डोंगरात न्यायची तयारी सात वर्षं चाललीय. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्यात तंबू, स्टोव्ह, दोर. गाडी घर ते कोर्ट एवढीच जाते. दर पावसाळ्याआधी येतात आणि विचारतात, "लांबच्या प्रवासाला तयार आहे ना?" मी म्हणतो, "गाडी तयार आहे साहेब." ते हसतात, मीही हसतो, आणि साखळीला तेल लावून देतो.

आणि सगळ्यांचा मिळून एक आजार. आमच्याकडे ट्रॅक्टर घेतला की आठवडाभरात त्याला सहा दिवे, दोन हॉर्न आणि टेप बसलाच पाहिजे, नाहीतर नवा ट्रॅक्टर घेतल्यासारखं वाटत नाही. हीच मंडळी मोटरसायकल घेतात तेव्हा मनात ट्रॅक्टरच असतो. "मारोती, दोन फॉगलाइट टाक. अजून दोन टाक, खालून." ट्रॅक्टरचा अल्टरनेटर हे सगळं पोसतो. मोटरसायकलच्या इंजिनात वीज तयार करणारी एक लहान कॉइल असते, बशीएवढी. तिच्याकडून किती मागायचं याला मर्यादा आहे. हे मला माहीत होतं. तरी मी दिवे बसवत होतो, कारण मोठ्या माणसांना नाही म्हणायची मला भीती वाटते. ही भीती मला पुढे महागात पडायची होती.

जळगावात या गाड्यांचा एक गट आहे. त्याचे पुढारी प्रभाकरभाऊ, रावेरकडचे केळीचे बागायतदार. आवाज असा की हेल्मेट घालून बोलले तरी शेवटच्या गाडीला ऐकू जातं. गटाने ठरवलं, पुढच्या महिन्यात हिमालयात स्पितीला जायचं, अठरा दिवस. सोबत एक मेकॅनिक हवा, जो सगळ्यात मागे राहील आणि जी गाडी बंद पडेल ती चालू करून आणेल. पुण्याचा एक शिकलेला इंजिनिअर यायला तयार होता, प्रमाणपत्रांसकट. मी न विचारता म्हणालो, "भाऊ, मला न्या." म्हणालो आणि कानशिलं गरम झाली. एवढं धाडस मी आयुष्यात केलं नव्हतं. तिथे एकदा जाणं आणि पुढे दर मोसमात गटाबरोबर जाणं, हेच मला काम म्हणून हवं होतं. दुसरं काही नको होतं.

प्रभाकरभाऊंनी परीक्षा ठेवली. तीन दिवसांची फेरी, जळगावहून धुळे, साक्री, पिंपळनेर, तिथून पश्चिमेचा डोंगर आणि परत. सात गाड्या. निघताना ते म्हणाले, "ऐक भो. सगळ्या गाड्या आपल्या चाकांवर जळगावला आल्या तर तू स्पितीला. जी गाडी टेम्पोत चढेल तिच्याबरोबर तूही चढला असं समज."

पहिला दिवस छान गेला. पारोळ्याच्या पुढे एक पंक्चर, ते मी पंधरा मिनिटांत काढलं आणि प्रभाकरभाऊंनी घड्याळ बघितल्याचं मला दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळनेर सोडून डोंगरात शिरलो. मी शेवटी, माझ्यापुढे स्मिता मॅडम. त्या जळगावात दातांच्या डॉक्टर, चारशे सीसीची गाडी, गटात त्यांच्याइतकी स्वच्छ गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. चढावर त्यांचा मागचा दिवा मंद होत गेला. मग इंजिनाने उचक्या दिल्या आणि गाडी थांबली.

सगळे गोळा झाले. जो तो म्हणे बॅटरी. मी वीज मोजायचा मीटर लावला, मग इंजिनाच्या डाव्या झाकणाशी नाक नेलं. जळालेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. कॉइल गेली होती. गाडी आता स्वतःसाठी वीज तयार करणार नव्हती.

"नवीन?" प्रभाकरभाऊंनी विचारलं.

"मागवावी लागेल. आठ दिवस."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि साक्रीच्या टेम्पोवाल्याला लावला. टेम्पो तीनपर्यंत पिंपळनेरला येतो म्हणाला.

माझ्या गाडीला बॅटरी नसली तरी किकवर चालते. तिची बॅटरी काढून मी मॅडमच्या गाडीत घातली, सगळ्या दिव्यांची जोडणी सोडवली, अगदी हेडलाइटचं सॉकेटही काढलं, आणि उतारावर धक्का देऊन गाडी चालू केली. तेवढ्या विजेवर ती पिंपळनेरपर्यंत आली आणि बाजारपेठेच्या तोंडाशी येऊन पुन्हा गप्प झाली. बाजाराचा दिवस. मिरच्यांचे ढीग, कोंबड्या, टोपल्या, आणि मध्ये आमच्या सात उंच गाड्या. माणसं आम्हाला बघत होती, मी मात्र एका माणसाला बघत होतो. तो साध्या गाडीच्या मागे पाण्याची मोटर बांधून चालला होता. मोटर जळालेली होती, कारण अंगावरून काळं तेल ओघळलं होतं. मी त्याच्यामागे धावत गेलो.

तो जिथे थांबला ते सुपडूनानांचं दुकान. दहा बाय बाराची खोली, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. सत्तरीच्या आसपासचा माणूस, बनियन, नाकावर चष्मा. मी धापा टाकत होतो. त्यांनी वर बघितलं आणि अहिराणीत म्हणाले, "बठ आठे. जेवना का?"

मी म्हणालो, "नाना, माझी गाडी..."

"गाडी पयीन नही जावाव. जेवना का ते सांग."

वीस वर्षं मी खान्देशात आहे, पण कामाची ओळख नसताना असं पहिल्यांदा कुणी विचारलं. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. ती खाता खाता मी सगळं सांगितलं. नाना म्हणाले, "काढी लय. दखू तरी."

त्यांच्या दुकानासमोरच गाडी आणली. उजवीकडे झुकवून विटांवर टेकवली, म्हणजे तेल सांडत नाही, आणि डावं झाकण काढलं. त्याच्या आत चुंबक असतं, झाकण सुटताना बोटं ओढून घेतं. माझ्या अंगठ्याचं नख तेव्हाच काळं झालं. आतून कॉइल निघाली, गोल, अठरा दातांची, प्रत्येक दातावर तार गुंडाळलेली. बारा दात कोळशासारखे. मॅडमनी ती हातात घेऊन बघितली. "इतके किडलेले मी पण एका बैठकीत करत नाही," म्हणाल्या.

नानांनी ती उलटी केली, सुलटी केली, आणि मला विचारलं, "इन्हावर इतला लोड कोनी टाका?"

मॅडम शेजारीच होत्या. प्रभाकरभाऊ दारात. कॉइल कंपनीतूनच खराब आली म्हणालो असतो तर कुणालाही पटलं असतं, असं होतंही. क्षणभर तेच ओठांवर आलं होतं. पण नानांनी ती कॉइल माझ्यापुढे धरली होती आणि त्यांना ती वाचता येत होती.

"मी टाकला," मी म्हणालो. "चार दिवे, गरम होणाऱ्या मुठी, हवा भरायचा पंप. मॅडमना हवं होतं. या कॉइलला एवढं झेपणार नाही हे मला माहीत होतं. मी बोललो नाही."

बाहेर कुणीतरी भाव करत होतं. मग मॅडम म्हणाल्या, "महिन्यापूर्वी सांगितलं असतंस तर मी दोन दिवे कमी घेतले असते. मला काय दिव्याखाली दात काढायचे होते?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. प्रभाकरभाऊंनी घड्याळ बघितलं. टेम्पो येईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

नाना मात्र कामाला लागले होते. एका दातावरची जळकी तार ते उलगडत होते आणि प्रत्येक वेढ्याला ओठ हलवत होते. किती वेढे, कुठल्या दिशेने, कुठला दात कुठल्या दाताला जोडलेला, हे सगळं त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर मांडलं. मी मदत म्हणून भिंतीवरचं एक जाड रीळ काढून दिलं. वर पांढरं प्लॅस्टिक, दणकट तार.

"ही घ्या नाना, मजबूत आहे."

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "तुनी गाडीनी कॉइल पाणीमा ऱ्हास का तेलमा?"

"तेलात. गरम तेलात."

"मंग हाई ठी दे. हाई हिरमधल्या मोटरनी शे, थंडा पाणीनी. तेलमा गयी का प्लॅस्टिक पिघळी जाई. जाड दिसनी म्हनीसन तुले चांगली वाटनी."

माझ्या हातून तीच विहिरीतल्या मोटरीची तार भरली गेली असती. गाडी चालू झाली असती, सगळ्यांनी पाठ थोपटली असती, आणि कुठल्यातरी घाटात तासाभरात पुन्हा बंद पडली असती. मी रीळ जागेवर ठेवलं आणि त्यानंतर सांगितल्याशिवाय कशाला हात लावला नाही.

नानांनी बारीक, लालसर तार घेतली, वर लाखेसारखा लेप असलेली. मग दोन तास त्यांचे हात चालले. एक दात उजवीकडून, पुढचा डावीकडून. मी समोर बसून वेढे मोजत होतो, मनात, त्यांच्याबरोबर. एकदा माझा आकडा एकने जास्त आला. मी कसंबसं म्हणालो, "नाना, एक वेढा जास्त झाला का?" त्यांनी सोडवून पुन्हा मोजला. जास्त होता. "ध्यान शे तुन्हं," एवढंच म्हणाले. त्या शब्दांनी मला जो धीर आला तो अजून पुरतोय.

शेवटी वार्निश. ते लावून तापवून पक्कं करावं लागतं, नाहीतर तारा आतल्या आत घासून पुन्हा जळतात. नाना मोटरी बल्बच्या पेटीत वाळवतात, त्याला रात्र लागते. वेळ नव्हता. नाना उठले, ओळीतल्या चौथ्या दुकानात गेले, ते बेकरीचं. टोस्टची शेवटची खेप निघालेली, भट्टी मंद होती. बेकरीवाला कॉइलकडे बघून म्हणाला, "नाना, हाई काय भाजी ऱ्हायनात?"

"बठ्ठा गाव तुन्हा टोस्ट खास, कोनी इचारस का त्यामा काय शे? ठेव मझार."

कॉइल टोस्टच्या ट्रेमध्ये आत गेली. मी भट्टीसमोर उभा. दहा दहा मिनिटांनी आत वाकून बघत होतो, शेवटी बेकरीवाल्याने मला बाहेर काढलं.

तीनला टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला, फळी टाकली. "कोणती भरायची?"

झाकणाची पॅकिंग फाटली होती, नवी करायला मी पॅकिंगचा कागद झाकणावर ठेवून हातोडीने कडा ठोकत होतो. हातोडी हवेतच राहिली. प्रभाकरभाऊ टेम्पोकडे गेले, फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चहा घे तू."

त्याने तीन चहा घेतले. शिवाय टोस्ट. टोस्टला वार्निशचा वास येतो म्हणाला.

साडेचारच्या सुमाराला कॉइल बाहेर आली, गरम, चकचकीत, मधाच्या रंगाची. ती थंड केली, बसवली, पॅकिंग लावली, झाकण आवळलं, ठिपके दिले. चारही दिवे, मुठी, पंप, सगळं काढून मॅडमच्या हातात दिलं. नानांच्या दुकानात तोवर भरून घेतलेली बॅटरी घातली. मॅडमनी बटण दाबलं. इंजिन लागलं. पण नुसतं लागण्याला अर्थ नव्हता, ते बॅटरीवरही लागतं. मी मीटरच्या दोन सुया लावल्या आणि आकड्याकडे बघायची हिंमत होईना. नानाच वाकले. "चौदाना वर शे," म्हणाले. म्हणजे कॉइल वीज देत होती, बॅटरी भरत होती. मॅडमनी ॲक्सिलरेटर पिळला, आकडा हलला नाही. जमलेल्या बाजाराने टाळ्या वाजवल्या. कशाच्या टाळ्या ते निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही साक्रीला मुक्कामाला गेलो. टेम्पो आमच्या मागे, रिकामा. रस्ताभर मी आरशात त्याला बघत होतो. ड्रायव्हर वाटेत दोनदा हॉर्न वाजवून हसला. दुसऱ्या दिवशी कुसुंबा, धुळे, पारोळा, एरंडोल. जळगावात शिरताना सातही गाड्या आपल्या चाकांवर होत्या. मेहरूणला गॅरेजसमोर उभ्या राहिल्या तेव्हा प्रभाकरभाऊंनी हेल्मेट काढलं.

"पुण्याचा इंजिनिअर असता तर टेम्पो भरला असता. त्यात त्याची काही चूक नाही," ते म्हणाले. "पण दिव्यांचं तू आधी बोलायला पाहिजे होतं."

"हो भाऊ."

"आता माझ्या गाडीचे बघ. किती काढायचे?"

"चार," मी म्हणालो. भाऊंना मी पहिल्यांदाच काहीतरी काढा म्हणत होतो.

"दोन ठेव."

"एक," मी म्हणालो. ते इतक्या जोरात हसले की शेजारचा पानवाला बाहेर आला.

स्पितीला मी गेलो. त्यानंतर दर मोसमात जातो, आता हेच माझं काम. शेवटच्या गाडीवर बसून सगळ्यांच्या मागून डोंगर चढायचा, आणि वर पोहोचल्यावर मोजून बघायचं, सगळे आहेत. मॅडमच्या गाडीत नानांनी भरलेली कॉइल अजून आहे. पहिल्या वर्षी सगळ्यात उंच खिंडीत, बर्फाच्या कडेला, मी मॅडमच्या गाडीला मीटर लावून फोटो काढला आणि नानांच्या पुतण्याच्या फोनवर पाठवला. परतल्यावर पिंपळनेरला गेलो. नानांनी तो फोटो मोठा करून तारेच्या रिळांमध्ये लावलाय. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी फोटो दाखवतात, मग मोटर बघतात. मला म्हणाले, "चाळीस वरीस मी मोटरी भरस. मन्ही भरेल मोटर आजपावत खालेच गयी, हिरमा. हाई पहिली, जी वर गयी."

मी म्हणालो, "नाना, तुम्हीपण चला. मी नेतो."

"मन्हा गुडघा दखा का? तुनी गाडी उंटायेवढी."

माझ्या दीडशे सीसीच्या मागच्या बाजूला मी आता एक पायरी वेल्ड करून घेतलीय, गुडघा फार न वाकवता चढता येईल अशी. मागची सीट दोन इंच खाली घेतलीय. नानांना अजून सांगितलेलं नाही, नाही म्हणतील. पण इथे छापून येतंय, म्हणजे आता मलाही मागे फिरता यायचं नाही. नाना, एक ना एक दिवस तुम्हाला मागे बसवून मी त्या खिंडीत नेणार. घाई नाही, हळूहळू जाऊ, थांबत थांबत. वर पोहोचलो की मीटरच्या सुया तुम्ही लावायच्या.